ॲक्टिव्हेशन मर्यादा आणि स्क्रीन रीडर

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. विकत घेतलेली एक प्रत किती संगणकांवर चालवता येईल, यावर निर्मात्याने घातलेले बंधन म्हणजे ॲक्टिव्हेशन मर्यादा. हे बंधन पाळले जावे म्हणून लावलेले तांत्रिक कुलूप म्हणजे नक्कल-प्रतिबंध. हिशेबाचे सॉफ्टवेअर अडले तर हिशेब अडतो. स्क्रीन रीडर अडला तर दृष्टिहीन माणसापुढचा सगळा संगणकच मुका होतो, आणि परवाना संपल्याची सूचनाही त्याला ऐकू येत नाही. किल्ली आत राहून दार ओढले गेल्यासारखा हा प्रकार आहे.

कुलपाची रूपे बदलत गेली. जॉज या अमेरिकन स्क्रीन रीडरची डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरची आवृत्ती १९८९ ची, विंडोज आवृत्ती १९९५ ची. पूर्वी त्याचा परवाना एका फ्लॉपीवर येई. तो संगणकावर चढवायचा आणि संगणक बदलताना आठवणीने पुन्हा फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा. फ्लॉपी खराब झाली की परवानाही गेला. दुसरा मार्ग डोंगलचा. नाशिकच्या डीटीपीवाल्यांना ही वस्तू ‘लॉक’ या नावाने चांगली ठाऊक आहे: आधी प्रिंटरच्या, पुढे यूएसबीच्या खाचेत खोचायची डबी. ती परवाना स्वतःबरोबर फिरवते, पण हरवतेही. हल्ली बहुतेक काम इंटरनेटवरून होते. सॉफ्टवेअर संगणकाच्या सुट्या भागांवरून एक ओळख-संकेत बनवते, कंपनीच्या सर्व्हरवर त्याची नोंद होते आणि शिल्लक संख्येतून एक वजा होते.

गोम इथेच आहे: मोजले जाते ते यंत्र, माणूस नव्हे. निफाड किंवा दिंडोरीहून नाशिकला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचा एक संगणक गावी, एक लॅपटॉप खोलीवर आणि एक यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत. व्हायरस आला म्हणून दुकानदाराने लॅपटॉप फॉरमॅट मारला, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो नवा संगणक ठरू शकतो. मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क बदलली तरी तीच गत. फॉरमॅटपूर्वी ॲक्टिव्हेशन परत करायचे असते, हे दुकानदाराच्या गावीही नसते. त्याने त्या आधी स्क्रीन रीडर पाहिलेला असेलच असे नाही. मग कंपनीकडे रीसेट, म्हणजे वजा झालेली संख्या पुन्हा भरून मागायची. कंपनीचे कार्यालय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर तिथे सकाळ व्हायला नाशिकची संध्याकाळ उजाडते. परवाना नसताना जॉज एका वेळी ४० मिनिटे चालते, पुढे संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. नाशिकच्या सीबीएस या बसस्थानकाहून शहर बसने नाशिक रोड गाठायला साधारण तेवढाच वेळ लागतो. एखादा अर्ज भरायला तो पुरतो, प्रबंध लिहायला नाही. अशा वेळी जाणकार आधी कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबून विंडोजचा अंगचा नॅरेटर सुरू करतात आणि त्याच्या आवाजावर अडलेला परवाना सोडवतात.

नक्कल रोखणे आणि अंधांची सोय यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. त्याचा दाखला नाशिक रोडलाच मिळतो. तिथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटांवरची उठावदार छपाई बनावट नोटा करणाऱ्याला अवघड जाते आणि तीच बोटांना ओळख पटवते. महात्मा गांधी नव्या मालिकेत १०० च्या नोटेवर उठावदार त्रिकोण व कडेला ४ तिरक्या रेघा आहेत, ५०० च्या नोटेवर वर्तुळ व ५ रेघा. नोट मळली की खुणा बुजतात, ही तक्रार खरी आहे. तरीही इथे सुरक्षेसाठी केलेली छपाईच दृष्टिहीनाच्या कामी येते. सॉफ्टवेअरवाल्यांना असे क्वचितच जमले आहे.

भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे त्यानुसार गुन्हा आहे; कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यात येत नाही. नष्ट होण्याच्या भीतीने संगणक प्रणालीची राखीव प्रत करण्यास कलम ५२ मुभा देते. मात्र ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी बांधलेले असेल तर राखीव प्रत कपाटात पडून राहते. परीक्षेत निराळीच अडचण. संगणकावरच्या परीक्षेत यंत्र केंद्राचे असते, त्यामुळे घरचा परवाना तिथे उपयोगी पडत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत उमेदवाराला आदल्या दिवशी यंत्र तपासू देण्याची तरतूद होती. अशी संधी मिळाली तर परवान्याची मुदत किंवा ४० मिनिटांची अट तेव्हाच पाहून घेतलेली बरी.

मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतले आणि या प्रश्नाची धार बरीच बोथट झाली. हा स्क्रीन रीडर मोफत व मुक्तस्रोत आहे. त्याला परवाना क्रमांक नाही, यंत्रांची मोजणी नाही. पेन ड्राइव्हवर त्याची प्रत घेऊन कोणत्याही विंडोज संगणकावर तो चालवता येतो, अर्थात त्या संगणकाच्या मालकाने पेन ड्राइव्ह लावू दिला तर. ईस्पीक या संगणकाने घडवलेल्या आवाजात तो मराठीही वाचतो. उच्चार यंत्रासारखे, पण समजतात. कानाला गोड लागणारा आवाज हवा असेल तर तो बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि त्या आवाजालाही अनेकदा ॲक्टिव्हेशन असते.