इदीर राई गात नव्हते

अल्जेरियाचे गाणे म्हटले की आपल्याकडे अनेकांना राई गायक खालेद यांचे १९९२ मधले ‘दीदी’ आठवते (त्या शब्दाचा आपल्या दीदीशी काही संबंध नाही), आणि त्याच ओघात तिथलेच दुसरे गायक इदीर यांनाही राई या संगीतप्रकारात बसवले जाते. दोघेही फ्रान्समार्गे जगापुढे आले आणि १९९५ मध्ये पॅरिसला शांततेसाठीच्या एका मैफलीत एकत्र गायले, त्यामुळे ही गल्लत समजण्याजोगी आहे; पण त्यांच्या गाण्यांची भाषाच मुळात वेगळी आहे.

राई हे अल्जेरियातल्या ओरान या बंदराच्या शहराचे गाणे. ते तिथल्या बोली अरबीत प्रेम आणि मद्य यांविषयी आडपडदा न ठेवता बोलते, आणि १९८० च्या दशकात सिंथेसायझरच्या साथीने ते नाचाचे संगीत झाले.

इदीर, म्हणजे हमीद शेरियेत, यांचा जन्म १९४९ मध्ये उत्तर अल्जेरियातल्या काबिलिया या प्रदेशाच्या डोंगरातल्या ऐत लाहसेन गावी, काबील बोलणाऱ्या बर्बर कुटुंबात झाला. बर्बर हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, ते लोक स्वतःला अमाझिघ म्हणवतात. भूशास्त्र शिकत असताना १९७३ मध्ये अल्जियर्सच्या रेडिओवर एका गायिकेच्या जागी त्यांना ऐनवेळी गावे लागले, आणि त्यानंतर ‘अ वावा इनूवा’ ध्वनिमुद्रित झाले. बेन मोहामेद यांनी लिहिलेल्या या गीतात आजीच्या गोष्टीतली मुलगी दाराबाहेर उभी असते, आणि रानातल्या राक्षसाला भ्यालेला म्हातारा बाप तिला ओळख पटवण्यासाठी बांगड्या वाजवायला सांगतो. इदीर यांचे गाव ज्यात येते तो बेनी येन्नी परिसर चांदीच्या दागिन्यांसाठीच प्रसिद्ध आहे, हे ठाऊक असले की ती किणकिण अधिक जवळची वाटते. चुलीभोवती सांगितली जाणारी ही कथा इदीर यांनी फक्त गिटारच्या हळुवार झंकारावर पेलली, आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व या संयमातच आहे.

राईला अडचण आली ती मुख्यतः आशयामुळे. काबील गाण्याची मात्र भाषाच सरकारला खुपत होती. १९८० मध्ये प्राचीन काबील कवितेवरचे लेखक मुलूद मामेरी यांचे व्याख्यान रोखले गेले आणि काबिलिया पेटून उठला. तामाझिघ्तला, म्हणजे अमाझिघांच्या भाषेला, राष्ट्रभाषेचा दर्जा २००२ मध्ये आणि राजभाषेचा २०१६ मध्ये मिळाला. जवळजवळ चार दशके मायदेशी न गायलेले इदीर जानेवारी २०१८ मध्ये अल्जियर्सच्या मंचावर परतले. त्याच महिन्यात अमाझिघ नववर्षाची, यन्नायेरची, देशाने पहिल्यांदा अधिकृत सुट्टी पाळली. २ मे २०२० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.