साखर तपासलीत, हिरड्या पाहिल्यात?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, गिला नदीच्या परिसरात पिमा हे मूळनिवासी लोक राहतात. टाइप २ मधुमेहाचं प्रमाण या समाजात इतकं जास्त, की तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९६५ पासून अनेक दशकं त्यांचा अभ्यास केला. ठरावीक काळाने तपासणी व्हायची. रक्त, डोळे, मूत्रपिंडं आणि पुढे दातसुद्धा. १९९१ साली त्या दातांचा हिशेब प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या पिमांमध्ये दाताभोवतीचं हाड झिजलेलं असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट होती. दात नीट घासत नसतील म्हणून असं झालं असेल का? तर नाही. तोंडाच्या स्वच्छतेतला फरक हिशेबात धरूनही हे अंतर उरलंच.

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, नॉर्वेत जन्मलेले दंतशास्त्रज्ञ हॅराल्ड लॉ यांनी मधुमेहावरच्या नियतकालिकात लेख लिहून हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटलं. आधीच्या पाच म्हणजे डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि लवकर न भरणाऱ्या जखमा. याला तीस वर्षं उलटून गेली. पाचांची नावं आज मधुमेही माणसाच्या घरातल्या सगळ्यांना पाठ असतात. सहावीचं नाव काढलं तर ‘वय झालं, दात हलणारच’ असं उत्तर मिळतं.

दात वयामुळे हलत नाहीत. ज्याला आपण पायोरिया म्हणतो, त्या आजारामुळे हलतात. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी माणसात तिची खोली साधारण १ ते ३ मिलिमीटर. तिथे जिवाणूंचा थर साचून राहिला की हिरडी सुजते आणि खाच खोल होत जाते. दातांचे डॉक्टर तिला ‘पॉकेट’ म्हणतात. ब्रश तिथवर पोचत नाही, प्राणवायूही नीट पोचत नाही आणि अशाच जागा आवडणारे जिवाणू तिथे ठाण मांडतात. हाड मात्र हे जिवाणू स्वतः खात नाहीत. त्यांच्याशी झुंजताना आपलंच शरीर जी रसायनं सोडतं, त्यांच्या आदेशाने हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात.

रक्तातली साखर सतत जास्त राहिली की ही झुंज बिघडते. जिवाणूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. शरीरातल्या प्रथिनांना साखर चिकटते आणि त्यातून बनणारी संयुगं सूज धुमसत ठेवतात. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून आपण जी एचबीए१सी चाचणी करतो, तिच्यात मोजतात ती हिमोग्लोबिनला अशीच चिकटलेली साखर. त्यातच झिजलेल्या हिरडीची डागडुजी मंदावते आणि लाळ कमी झाली की तोंडाचं नैसर्गिक धुणंही थांबतं.

इथवर गोष्ट एकेरी आहे. खरी गंमत (तिला गंमत म्हणावं का, हा प्रश्नच आहे) पुढे आहे. त्याच पिमा लोकांच्या नोंदी पाहताना १९९६ मध्ये दिसलं, की ज्या मधुमेहींच्या हिरड्यांचा आजार सुरुवातीलाच तीव्र होता, त्यांची साखर पुढच्या काळात बेताल होण्याचा धोका जास्त होता. म्हणजे हिरड्याही साखरेवर परिणाम करतात. सगळ्या दातांभोवतीच्या सुजलेल्या पॉकेट्सचं आतलं अस्तर एकत्र पसरलं, तर आजाराच्या तीव्रतेनुसार ते ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढी जखम समजा. एवढी जखम पायावर असती तर मधुमेही माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला असता. तोंडातली दिसत नाही, बहुधा दुखतही नाही. पण तिथून दाहाची रसायनं रात्रंदिवस रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अवघड करतात.

मग हिरड्या बऱ्या केल्या तर साखर उतरते का? याचं उत्तर सरळ मिळालं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीने ‘नाही’ म्हटलं. त्यावर दंतवैद्यांचा आक्षेप असा, की उपचारांनंतरही या रुग्णांच्या हिरड्यांत पुरेशी सुधारणा झालीच नव्हती; मग साखर उतरणार कशी? २०१८ मध्ये लंडनच्या चाचणीत २६४ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांवर कसून उपचार केले, गरज पडली तिथे शस्त्रक्रियाही केली आणि वर्षभर पाठपुरावा ठेवला. वर्षाअखेर त्यांचं एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी होतं. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात अशा ३५ चाचण्या तपासल्या. तीन-चार महिन्यांनंतरची सरासरी घट ०.४३ टक्के निघाली. आकडा लहान वाटेल, पण जास्तीची एखादी गोळी सुरू केल्यावरही कधीकधी एवढाच फरक पडतो. अर्थात गोळीऐवजी दात साफ करून घ्या, असं कुणीही म्हटलेलं नाही.

मला यातलं सगळ्यात उपयोगी वाटतं ते मात्र वेगळंच. मधुमेह आहे हेच ज्यांना माहीत नाही, ते लोक दातांच्या खुर्चीत येऊन बसतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात धोक्याचं किमान एक लक्षण असलेले, पण मधुमेहाचं निदान न झालेले लोक निवडून २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी फक्त दोन गोष्टी मोजल्या: किती दात पडलेत आणि खोल पॉकेट्स किती आहेत. मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्यांपैकी ७३ टक्के जण एवढ्यावरच सापडले. जोडीला बोट टोचून तिथल्या तिथे एचबीए१सी केल्यावर हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेलं. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर हिरड्यांच्या आजाराची प्रत ठरवतानाच मधुमेह विचारात घेतात. एचबीए१सी ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर आजार वेगाने वाढणाऱ्या गटात जातो.

आपल्याकडे याची गरज किती, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीवरून कळतं. देशात १०.१ कोटी मधुमेही, १३.६ कोटी पूर्वावस्थेत. गोव्यात प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के; म्हणजे प्रौढांतल्या दर चौघांत एक. सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासतात आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तोंडही उघडून बघतात. एकाच माणसाचं बोट टोचतात आणि तोंडात बॅटरी मारून गालाच्या आत पांढरे चट्टे शोधतात. त्याच उजेडात हिरड्या समोर असतात. हिरड्या लाल, सुजलेल्या आहेत का, किती दात हलतात, किती पडलेत, या तीन नोंदी करायला अर्धा मिनिट पुरेल. आशाताईंवर आधीच कागदांचा डोंगर आहे, हे मान्य. पण ही नोंद तपासणाऱ्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने करायला काय हरकत आहे?

घरच्या घरी काय पाहावं? ब्रश करताना येणारं रक्त, हिरड्या खाली सरकून दात लांब दिसणं, दातांमध्ये नव्याने पडलेल्या फटी, न जाणारी दुर्गंधी, कवळीखाली वारंवार होणारा लालपणा. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी मात्र रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. धूम्रपानामुळे हिरड्यांचा रक्तस्राव झाकला जातो, आजार आत चालूच राहतो. मिश्री लावणाऱ्यांना वाटतं की हिरड्या घट्ट होतात. ती भाजलेली तंबाखूच आहे.

‘क्लीनिंग केल्याने दात ढिले होतात’ हा समज तर गावोगावी आहे. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं आणि दात कीटणाच्या आधाराने उभे असतात. कीटण काढल्यावर ते फक्त उघड होतं. ‘शुगर आहे, म्हणून दात काढता येत नाही’ हेही असंच. साखर आटोक्यात असेल तर काढता येतो. दवाखान्यात सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जावं, म्हणजे खुर्चीत साखर एकदम उतरत नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत असू द्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावं आणि ती आपल्या मनाने बंद करू नये.