मागणी प्रतिसाद (घरगुती वीजवापर)

वीजजाळ्यावर ताण असलेल्या तासांत कुटुंबांनी आपला वापर कमी करणे किंवा दुसऱ्या वेळेवर नेणे. मोठ्या प्रमाणावर वीज साठवणे अजून खर्चिक असल्याने निर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. सूर्य मावळताच सौरवीज थांबते आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. खरी अडचण त्या तासांची असते.

लोक किती साथ देतात, हे 6 सप्टेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियात दिसले. उष्णतेच्या लाटेत मागणी 52,000 मेगावॉटच्या पुढे गेली होती. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सरकारने मोबाइलवर तातडीचा संदेश पाठवला आणि तासाभराच्या आत मागणी सुमारे 2,000 मेगावॉटने उतरली. त्या संदेशात कुणाला पैसे देऊ केलेले नव्हते. मात्र अशी हाक रोज देता येत नाही. ब्रिटनने 2022-23च्या हिवाळ्यात ठरावीक तासांत वापर घटवणाऱ्यांना मोबदला दिला. सुमारे 16 लाख घरे व व्यवसाय त्यात उतरले.

भारतात केंद्राच्या 2023च्या नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे वीजदर आणले. महाराष्ट्रात जुलै 2025 पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत लागू झाली.

पण वापराची वेळ सर्वस्वी ग्राहकाच्या हाती नसते, आणि धोरण आखताना हेच बहुधा निसटते. सोसायटीचा पंप पालिकेचे पाणी येईल तेव्हा चालतो. गिझर शाळा-नोकरीच्या वेळेला बांधलेला. नवरा-बायको दोघेही दिवसभर बाहेर असतील तर दुपारी वॉशिंग मशीन लावणार कोण? घरी कुणी असलेच तर ती बहुतेकदा बाई असते, आणि वेळापत्रक बदलण्याचा भार तिच्यावर पडतो. कमी वापराच्या घरात सवलतीचे महिन्याचे मोल फारच थोडे. तेवढ्यासाठी कुणी दिनक्रम मोडत नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत याच घरांनी दळण, इस्त्री, पाणी भरणे सगळे विजेच्या वेळेवर बसवले होते, पण ती सक्ती होती. तिला तयारी म्हणणे चुकीचे ठरेल.

म्हणून टायमरवर चालणारी यंत्रे अधिक उपयोगी पडतात: टाकीचा पंप, साठवणीचा गिझर, विजेवरच्या स्कूटरचे चार्जिंग. मात्र ती वीज कंपनीने दुरून बंद करायची असतील, तर आधी घरच्यांची संमती हवी आणि नको त्या दिवशी नकार देण्याची सोयही हवी.