‘देवळात जात नाही, पण आध्यात्मिक आहे’

हे वाक्य हल्ली पुण्यात कोणत्याही कट्ट्यावर ऐकू येतं, आणि ऐकणारा ते बाहेरून आलेलं फॅड समजतो. पुण्यापुरतं तरी तसं नाही. पूजाअर्चा आणि अध्यात्म यांची फारकत करायचा खटाटोप इथल्या पेठांत दीडशे वर्षं चालू आहे. मुळात गीतेच्या आठव्या अध्यायात ‘स्वभाव’ म्हणजे अध्यात्म असं सांगितलंय. तिथे ना घंटा, ना नैवेद्य.

२४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. फुले नास्तिक नव्हते, हे त्यांचे चाहतेही विसरतात. जग घडवणाऱ्याला ते ‘निर्मीक’ म्हणत. राग होता तो निर्मीक आणि माणूस यांच्यामध्ये दक्षिणेसाठी बसलेल्या मध्यस्थावर. म्हणून त्याच वर्षाअखेर भटजीविना लग्नं लागू लागली. रानडे-भांडारकरांचा प्रार्थना समाज त्यामानाने सौम्य: मूर्ती नको, तुकोबांचे अभंग मात्र हवेत.

आगरकरांनी देवालाच बाजूला ठेवलं. १८८८ साली ‘सुधारक’ हे पत्र काढणारा हा गृहस्थ अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळणारच नाही असं मानणारा. नीतीने वागायला परलोकाची भीती कशाला, असा त्यांचा रोख. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. आज जो स्वतःला ‘श्रद्धाळू नाही, पण विवेकी’ म्हणवतो, त्याचे पूर्वज शोधायला लांब जायला नको.

पेठांत असे वाद चालू असताना कॅम्पात वेगळंच घडत होतं. चार बावडीला कडुनिंबाखाली हजरत बाबाजान बसत. बाई असून ‘माई’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. १९१३ मध्ये डेक्कन कॉलेजात शिकणारा एक इराणी झरतुष्ट्री मुलगा सायकलवरून जाताना त्यांना भेटला. पुढे तो मेहेरबाबा झाला आणि १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत बोललाच नाही. मुसलमान फकीर बाई, झरतुष्ट्री शिष्य, भक्त सगळ्या जातिधर्मांचे. इथे व्याख्या कुणी मागितलीच नाही.

पुढचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये योग शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम उभा राहिला, तिथल्या मरून झग्यांकडे पुणेकर बरीच वर्षं तिरप्या नजरेनं बघत राहिला. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा पाय चेपून देणाऱ्यांत एरवी देव न मानणारेही असतात.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत, आमचा विरोध देवा-धर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी वटहुकूम त्यानंतर चारच दिवसांत निघाला. त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं, प्रार्थना समाजाच्या प्रचारकाचं. दर २० ऑगस्टला सकाळी कार्यकर्ते तिथे जमतात.