जुन्या गाडीला बाहेरचं टेम्परेचर मीटर बसवणं

बाहेरचं टेम्परेचर मीटर म्हणजे डॅशबोर्डातल्या कंपनीच्या काट्याशिवाय इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान सरळ आकड्यात दाखवणारं वेगळं गेज. जुन्या कारला, जीपला हे मागाहून बसवून घेतात. याचे दोन भाग, एक ड्रायव्हरसमोरचं डायल, बहुतेक ५२ मिमी व्यासाचं, आणि दुसरा पाण्यात बुडून राहणारा सेन्सर, ज्याला गॅरेजात कोण सेंडर म्हणतंय तर कोण बल्ब. लोक पैसे घालतात डायलवर, पण मीटर खरं बोलणार की खोटं ते ठरतं सेन्सर कुठं बसवला त्यावर, आणि नेमकं तिथंच दुर्लक्ष होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात याची गरज का पडते ते इथले रस्ते बघितले की कळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, आणि गोव्याला नाहीतर कोकणात जायचं म्हणजे घाट आलाच, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, लोंढ्यावरून अनमोड, नाहीतर सावंतवाडीकडं आंबोली. जाताना उतार असतो म्हणून काही वाटत नाही. परत येताना गोव्यातलं साखळी गाव सोडलं की मे महिन्यातल्या उकाड्यात माणसं नि सामान भरलेली मारुती ८०० ट्रकमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढायला लागते, इंजिनावर ताण पूर्ण आणि रेडिएटरला वारा जवळपास नाहीच. ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडर इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं, जास्त तापलं की वाकतं, मग गॅस्केट (हेडखालचं सील) जातं, मग हेड उतरवून फेस मारायला, म्हणजे सपाट करून घ्यायला, लेथवाल्याकडं न्या, आणि एवढ्या खर्चात तसलीच दुसरी गाडी येते असं शेजारचा सांगायला तयारच असतो.

मग कंपनीचा काटा असतोच की, त्याचं काय? तो असतो, पण त्यावर आकडे नसतात, थंड आणि गरम एवढ्या दोन खुणा. त्यातून १९९० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो, म्हणजे पाणी ८० डिग्रीवर असो की १०० वर, काटा आपला मधोमध, कारण तो थोडा जरी हलला तरी गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला फोन करतंय. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून जुन्या बऱ्याच गाड्यांत काटा दोन धातूंच्या पट्टीवर चालतो, त्यामुळं मुळातच आळशी.

मेकॅनिकल मीटरला वीज लागत नाही. सेन्सरच्या टोकाला इथरसारखं चटकन वाफ होणारं द्रव भरलेलं असतं, त्याचा दाब बारीक तांब्याच्या नळीतून डायलपर्यंत येतो आणि आतली वाकडी नळी सरळ व्हायला बघते तसा काटा फिरतो. म्हणूनच या मीटरच्या खालच्या आकड्यांत दाटी असते आणि वरचे ऐसपैस असतात. गाडीचं वायरिंग जुनाट असेल तर माझं मत यालाच. एकच जपायचं, ती नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, मुरगळली तर मीटर फेकून द्यायचं, जादा राहिलेली नळी मोठी वेटोळी करून बांधून ठेवायची. इलेक्ट्रिक मीटरात सेन्सर म्हणजे गरम होईल तसा कमी रोध दाखवणारा रेझिस्टर. बसवायला सोपं, पण डायल आणि सेन्सर एकाच जोडीचे पाहिजेत. एका कंपनीचं डायल आणि ट्रकचा पडून असलेला सेन्सर असं जमवलं तर काटा कुठलातरी आकडा दाखवतोच, तो खरा नसतो एवढंच.

आता जागा. सगळ्यात चांगली जागा सिलिंडर हेडवर नाहीतर थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणाऱ्या झडपेच्या) आधी, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. गॅरेजात मात्र सोपा मार्ग म्हणून वरचा होज (इंजिनातून रेडिएटरकडं जाणारी रबरी नळी) कापून त्यात अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॅप्टर घालतात आणि दोन क्लिपा आवळून मोकळे होतात. बहुतेक गाड्यांत हा होज थर्मोस्टॅटच्या पुढं येतो, त्यामुळं थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथं पाणी फिरतच नाही, इंजिन आत ८० वर आणि मीटर ४० वर, आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळेल तरी मीटर गप्प. खालच्या होजमध्ये बसवणं तर निरर्थकच, तिथं रेडिएटरनं थंड केलेलं पाणी असतं. हेडवर रिकामा प्लग असला तर नशीब, नसला तर कंपनीच्या सेन्सरच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून दोन्ही बसवता येतात, फक्त टी लांब झाली की सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यात न राहता कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यात राहतं आणि आकडा कमी येतो.

आट्यांचा घोळ वेगळाच. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्याचे, म्हणजे इंचाला २७ आटे, आणि जपानी वळणाच्या इंजिनांत बऱ्याचदा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे), इंचाला २८. एक-दोन फेरे दोन्ही बसतात आणि मग अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. जोर लावण्यापेक्षा पितळेचा अ‍ॅडॅप्टर करून घ्यावा. बेळगावात याची अडचण नाही, फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कामावर वाढलेल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाले भरपूर, जुना प्लग आणि नवा सेन्सर दोन्ही हातात नेऊन दाखवायचे, तोंडी माप सांगायचं नाही.

बसवताना इंजिन पूर्ण थंड पाहिजे. रेडिएटरमधून थोडं कूलंट स्वच्छ भांड्यात काढून ठेवायचं, सेन्सर बसवायचा, परत भरायचं, आणि कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करून हवा निघू द्यायची, हिटर असेल तर तोही चालू करून. एका वायरच्या सेन्सरला अर्थ (अर्थिंग) त्याच्या आट्यांतूनच मिळतो, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून जाड करू नये, आणि होजमधल्या अ‍ॅडॅप्टरला दोन्हीकडं रबर असल्यामुळं त्याला वेगळी अर्थ वायर द्यावीच लागते. डायलला प्लस इग्निशनच्या लाइनवरून छोट्या फ्यूजमधून, दिव्याची वायर पार्किंग लाइटवरून. अ‍ॅम्बेसेडरसारख्या ब्रिटिश वळणाच्या गाडीत जुन्या मीटरांना १० व्होल्टच्या आसपास देणारा स्टॅबिलायझर असू शकतो, तिथून सप्लाय घ्यायचा नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर किंवा नळी काढताना भोकात रबराचं ग्रोमेट (कडी) घालायचं, नाहीतर पत्र्याची धार कधीतरी इन्सुलेशन कापणारच.

तपासणी बसवण्याआधी, चुलीवरच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून. इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी आणि अर्थ तात्पुरती जोडून. इथं एक गंमत होते, पाणी खळखळ उकळूलालंय आणि मीटर ९७ दाखवतंय म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. बेळगावच्या उंचीवर पाणी ९७-९८ डिग्रीलाच उकळतं, मीटर बरोबर आहे. गाडीत मात्र ०.९ बारची रेडिएटर कॅप दाब धरून ठेवते म्हणून तेच साधं पाणी ११७ च्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याच्याही वर. यावरून कॅपची किंमत लक्षात यावी, आणि गरम इंजिनावर ती का उघडायची नाही तेही.

पहिले काही दिवस फक्त बघायचं आणि आपल्या गाडीचे आकडे पाठ करायचे. थर्मोस्टॅट बऱ्याच गाड्यांत ८२ डिग्रीला उघडणारा, त्यामुळं सपाट रस्त्यावर ८० ते ९० मध्ये काटा स्थिर, ट्रॅफिकमध्ये ९५ कडं जातो आणि इलेक्ट्रिक फॅन लागला की खाली येतो. घाटात १०५ च्या वर चढायला लागला तर एसी बंद, हिटर चालू, आणि तरी थांबेना तर गाडी बाजूला. उलट, हिवाळ्यात सकाळी महामार्गावर काटा ६० च्या वर जातच नसेल तर आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असण्याची शक्यता जास्त. "आपल्याकडं गरम हवा, कशाला पाहिजे" ही समजूत पक्की आहे. थंड राहणारं इंजिन पेट्रोल जास्त खातं आणि आतून लवकर झिजतं, तेव्हा नवा थर्मोस्टॅट टाकणं मीटरपेक्षाही गरजेचं.

मीटर फसतं ते पाणी संपल्यावर. होज फुटून पाणी गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक पडला तर गाडी थंड झाली असं समजायचं नाही, लगेच बंद करायची. याला उपाय म्हणून काहीजण हेडच्या बोल्टखाली रिंगसारखा बसणारा दुसरा सेन्सर आणि बझर लावतात, तो धातूचं तापमान मोजतो, पाणी असो नसो.