मागच्या रांगेत आवाज कमी का पडतो?

सभागृहासाठी स्पीकर घेताना पहिला प्रश्न बहुधा "किती वॉटचा?" हाच असतो. आम्ही मात्र आधी विचारतो, शेवटचा श्रोता स्पीकरपासून किती मीटरवर बसणार?

स्पीकरमधून निघालेली ऊर्जा पुढे जाताना पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रफळावर वाटली जाते आणि आवाजाची तीव्रता पाव उरते. डेसिबलमध्ये ही घट 6 ची. 1 मीटरवर 90 डेसिबल असतील, तर मोकळ्या जागेत 2 मीटरवर 84, 4 वर 78, 8 वर 72 आणि 16 मीटरवर 66. सुरुवातीला एका मीटरमध्येच 6 डेसिबल जातात, शेवटी तेवढेच जायला 8 मीटर लागतात.

मग वॉट वाढवले तर? वॉट दुप्पट केल्यावर फक्त 3 डेसिबल मिळतात. अंतर दुप्पट झाल्याची भरपाई करायची तर चौपट वॉट हवेत. त्यातही पहिली रांग 2 मीटरवर आणि शेवटची 16 वर असेल, तर दोघांमधला 18 डेसिबलचा फरक तसाच राहतो. मागच्यांना ऐकू यावे म्हणून पुढच्यांच्या कानांवर मारा करणे आम्हाला पटत नाही.

म्हणून स्पीकर उंचावर लावण्याचा आमचा आग्रह असतो. याच सभागृहात तो श्रोत्यांच्या कानांपेक्षा साडेचार मीटर वर नेऊन खाली झुकवला, तर पहिली रांग जवळपास 5 मीटरवर जाते आणि शेवटची साडेसोळावर. फरक 18 वरून 11 च्या आत येतो, तोही जास्तीच्या वॉटशिवाय.

लांबट सभागृहात मधोमध दुसरी जोडी लावावी लागते. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे मंचाजवळचा आवाज 17 मीटरवर यायला सेकंदाचा विसावा भाग घेतो. मधल्या जोडीला तेवढा उशीर दिला नाही, तर शब्द दुहेरी, अस्पष्ट ऐकू येतात.

बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो, म्हणून ठरावीक अंतरापुढे डेसिबल फारसे उतरत नाहीत. शब्दांची स्पष्टता मात्र उतरते. तिथे पडदे, गालिचे यांचा उपयोग होतो.

आमच्याकडे येण्यापूर्वी सभागृहाची लांबी, रुंदी, छताची उंची आणि मंचापासून शेवटच्या खुर्चीपर्यंतचे अंतर मोजून आणा. वॉट त्यावरून ठरवू.