हळू सर्व्हर रिकामा का ठेवायचा?

रांगांचे गणित टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मले. आग्नर क्रारुप एर्लांग १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला आणि १९१७ पर्यंत त्याची सूत्रे तयार होती: इतक्या लाइन असल्या तर किती कॉल परत जातील, किती वेळ ताटकळावे लागेल. त्यात सगळ्या लाइन सारख्याच धरल्या होत्या. टेलिफोनपुरते ते बरोबरही होते.

पण बँकेच्या दोन खिडक्यांवरची माणसे एकाच वेगाने काम करत नाहीत, यंत्रेही करत नाहीत. १९६३ साली बी. कृष्णमूर्ती यांनी दोन असमान सर्व्हरच्या, म्हणजे काम उरकणाऱ्या माणसांच्या किंवा यंत्रांच्या, रांगेवर निबंध लिहिला. खरा पेच इथूनच सुरू होतो. समजा, जलद सर्व्हरला एका कामाला सरासरी १ मिनिट लागते, हळू सर्व्हरला १०. जलद अडकलेला आहे आणि रांगेत एकच माणूस उभा आहे. थांबला तर साधारण २ मिनिटांत सुटेल. हळू सर्व्हरकडे पाठवला तर १० मिनिटे जातील. म्हणजे हळू सर्व्हर रिकामा ठेवणेच शहाणपणाचे. रांग वाढली की मात्र हिशेब उलटतो, कारण पुढचा एक माणूस तिकडे गेला की मागच्या प्रत्येकाचे मिनिट वाचते. नवे कोणी येणार नसेल, तर या आकड्यांत रांगेत १० जण झाले की हळू सर्व्हरला कामाला लावावे. माणसे येतच राहिली, तर त्याआधीच.

रांग ठरावीक लांबीची होईपर्यंत हळू सर्व्हर रिकामा ठेवायचा, ही 'उंबरठ्याची' रीतच सर्वोत्तम, हे वेई लिन आणि पी. आर. कुमार यांनी १९८४ मध्ये सिद्ध केले. त्याच वर्षी जाँ वालराँ यांनी त्याची छोटी सिद्धता दिली. मला या विषयातला हा सर्वांत देखणा निकाल वाटतो.

कामाचा वेगच बदलता येत असेल तर काय, हा त्याला समांतर प्रश्न. थॉमस क्रॅबिल यांनी १९७२ मध्ये एका सर्व्हरसाठी दाखवले की रांग लांबेल तसा किफायतशीर वेग वाढतो, निदान कमी तरी होत नाही.

२०११ साली आर्म कंपनीने मोठे आणि लहान कोअर (चिपमधले काम करणारे भाग) एकाच चिपवर बसवण्याची रचना जाहीर केली, आणि कोणते काम कोणत्या कोअरला द्यायचे हा प्रश्न मोबाइलच्या आत आला. दोनहून अधिक असमान सर्व्हरचे गणित मात्र फार अवघड निघाले. तिथेही उंबरठ्याचीच रीत सर्वोत्तम, अशी व्लादिमीर रायकोव्ह यांनी २००१ मध्ये मांडलेल्या सिद्धतेत त्रुटी असल्याचे द व्हेरिकूर आणि झोउ यांनी २००६ मध्ये दाखवून दिले.